मूठभर ज्वारी आणि सावकाराची वही : वऱ्हाडातील लोकसंस्थांनी विश्वास कसा कमावला?

१.
१९२६-२७ च्या सुमारास अमरावतीत गरीब, होतकरू विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह सुरू झाले : श्रद्धानंद छात्रालय. त्यामागचा आधार होता मुष्टिफंड, म्हणजे घरोघरी बाजूला काढून ठेवलेले मूठभर धान्य. देणारे शेतकरी स्वतः कर्जात होते. लिहिलेल्या कागदाने त्यांना पिढ्यान्‌पिढ्या फसवले होते. तरीही त्यांनी आपली मूठ अनोळखी मुलांसाठी उघडली. हा विश्वास कसा निर्माण झाला, याचा हा धागा.

२.
आधी पार्श्वभूमी. १८५३ च्या तहाने निजामाचा वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस लँकशायरच्या गिरण्यांपर्यंत पोहोचेना आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीतल्या कापसाला सोन्याचा भाव आला. रेल्वे आली, बाजार वाढले, पत वाढली आणि कर्जही वाढले. युद्ध संपताच भाव उतरले; कर्ज मात्र उतरले नाही. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ पडले.

३.
या व्यवहाराच्या मध्यभागी होती सावकाराची वही. ती सावकार लिहायचा, सावकारच वाचायचा. कुळाच्या वाट्याला फक्त अंगठा. परतफेड केली तरी पावती मिळेल याची खात्री नव्हती. मिळालीच तर तीत काय लिहिले आहे, हे सांगणारे घरात कोणी नव्हते. त्यामुळे सामान्य कुणब्याच्या कानाला ‘हिशेब’ हा शब्द धाक घालणारा होता. वऱ्हाडात सार्वजनिक काम उभे करू पाहणाऱ्या प्रत्येकाला हा धाक आधी ओलांडावा लागणार होता.

४.
२३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म झाला. वडील दारूपायी अकाली गेले. आई सखुबाई मुलाला घेऊन माहेरी, अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूरजवळच्या दापुरे गावी आली. डेबूजी मामाच्या घरी गुरे राखत आणि नांगर धरत वाढला. शाळा त्याच्या वाट्याला आली नाही.

५.
चरित्रकारांनी नोंदवलेला पुढचा प्रसंग या धाग्याचे मूळ आहे. मामाने सावकाराचे कर्ज घेतले होते. परतफेड झाली, असे घरच्यांना वाटत होते. वही वेगळेच सांगत होती. अखेर कसदार जमीन हातची जाण्याची वेळ आली. सावकाराची माणसे शेताचा ताबा घ्यायला आली, तेव्हा तरुण डेबूजी आडवा उभा राहिला. आपल्या घराला अक्षर येत नव्हते म्हणून हे घडले, ही जाणीव त्याच्या मनात कायमची रुतली. पुढे गाडगेबाबा म्हणून त्यांनी आयुष्यभर कीर्तनांतून सांगितले : कर्ज काढू नका, मुलांना शिकवा.

६.
१९०५ च्या फेब्रुवारीत डेबूजींनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि एक फुटके मडके. त्या गाडग्यातच भाकर घ्यायची, त्यातच खायची. लोकांनी दिलेले ‘गाडगेबाबा’ हे नाव तिथूनच आले. एखाद्या गावात शिरले की आधी रस्ता झाडायचा, रात्री कीर्तन करायचे आणि गाव सोडून पुढे जायचे. पाया पडू द्यायचे नाही, गुरू म्हणवून घ्यायचे नाही, शिष्य करायचे नाहीत.

७.
त्यांच्या कामाची पहिली मोठी खूण ऋणमोचन येथे आहे. अमरावती जिल्ह्यात पूर्णेच्या काठी असलेल्या या तीर्थावर पौषातल्या रविवारी यात्रा भरते. पूर्णेचे खोरे म्हणजे चिकण काळ्या मातीचा खारपाणपट्टा. नदीच्या उतारावर म्हातारीकोतारी माणसे घसरत, बायका-मुले चिखलात पडत. बाबांनी त्या उतारावर खोरे-कुदळ घेऊन वाट बांधायला घेतली. पाहणारे हात लावू लागले, मग देणारे पुढे आले आणि पुढे तिथे घाट उभा राहिला. गावाच्या नावाचा अर्थ कर्जमुक्ती, आणि काम आरंभणारा कर्जाने गांजलेल्या घरातला!

८.
ऋणमोचनातला क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी आवाहन, मग देणगी, मग काम असा तो नव्हता. आधी काम दिसले, मग माणसे सामील झाली, पैसा सगळ्यांत शेवटी आला. ज्याला वाचता येत नव्हते, त्याला हा हिशेब डोळ्यांनी तपासता येत होता. दगड मोजता येत होते, पायरी पायाखाली लागत होती. सावकाराच्या वहीत जे कधीच शक्य नव्हते, ते इथे शक्य झाले : देणाऱ्याला स्वतः पडताळा घेता आला.

९.
दुसरी गोष्ट पैशाच्या वाटेची. बाबांच्या शब्दाखातर धनिकांनी मोठ्या रकमा दिल्या, परंतु त्या रकमेतून बाबांचे राहणीमान एका धाग्यानेही बदलले नाही. चरित्रकार लिहितात की, स्वतः उभारलेल्या धर्मशाळांत ते मुक्कामालाही राहत नसत. कोणी नवे वस्त्र पांघरले, तर ते दुसऱ्याच्या अंगावर जाई. संस्थांच्या कारभारात आपल्या आप्तांना वारसा म्हणून जागा मिळू नये, हा त्यांचा आग्रह होता. ‘माझ्या पैशाचे याने काय केले?’ या देणाऱ्याच्या मनातल्या प्रश्नाला त्यांच्या फाटक्या कपड्यांनी परस्पर उत्तर दिले होते.

१०.
अशा विश्वासावर नाशिक, पंढरपूर, देहू, आळंदी अशा तीर्थक्षेत्री धर्मशाळा उभ्या राहिल्या. मूर्तिजापुरात गोरक्षणाचे काम उभे राहिले. नंतर मुंबईत जे. जे. रुग्णालयात येणाऱ्या गरीब रुग्णांच्या नातेवाइकांसाठी निवाऱ्याची सोय झाली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा विशेष महत्त्वाची. विठ्ठलाच्या दारी येऊनही ज्यांना गावात डोके टेकायला जागा मिळत नव्हती, त्या अस्पृश्य वारकऱ्यांसाठी ती होती. पैसा सर्वांचा, पण त्यातून उभ्या राहिलेल्या वास्तूवर पहिला हक्क सर्वांत वंचिताचा, असे या कामाचे सूत्र होते.

११.
या पद्धतीला एक मर्यादाही होती. ती एका माणसाच्या चारित्र्यावर उभी होती. तो माणूस गेल्यावर काय? इमारती राहतात, गल्ले राहतात आणि त्यांभोवती वारस जमू लागतात. महाराष्ट्रातील कितीतरी मठ आणि देवस्थाने याच वळणावर घसरली. ज्या बाबांना अक्षर येत नव्हते, ज्यांच्या घराचा कागदाने घात केला होता, त्यांनीच या प्रश्नावर उत्तर म्हणून कागदाचा आधार घेतला.

१२.
१९४९ मध्ये त्यांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. ही संस्था बाबासाहेबांनी १९४५ मध्ये स्थापन केली होती. लोकांच्या पैशातून उभी राहिलेली वास्तू हयातीतच, शिक्षणाच्या कामासाठी, दुसऱ्या संस्थेच्या हाती देणे ही साधी गोष्ट नव्हे. मालमत्ता आपली नाही, आपण केवळ तिचे राखणदार आहोत, हे बोलणे सोपे असते. बाबांनी ते कागदावर उतरवले.

१३.
८ फेब्रुवारी १९५२ रोजी श्री गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली. विखुरलेल्या धर्मशाळा, वसतिगृहे आणि शाळांच्या कारभाराला एक संस्थात्मक चौकट मिळाली. त्याच वर्षी प्रबोधनकार ठाकरे यांनी लिहिलेले बाबांचे चरित्रही प्रसिद्ध झाले. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे, पेढी नदीच्या परिसरात, प्रवासातच बाबांचे निधन झाले. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला तेव्हा जेमतेम दोन आठवडे झाले होते. पुढे अमरावती विद्यापीठाला बाबांचे नाव देण्यात आले : शाळेत न गेलेल्या माणसाचे नाव विद्यापीठाला!

१४.
आता पुन्हा छात्रालयाकडे. ते सुरू करणारे डॉ. पंजाबराव देशमुख यांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ येथे झाला. वडील शामरावांनी कर्ज काढून मुलाला विलायतेला पाठवले. एडिंबरो आणि ऑक्सफर्ड येथे शिकून, वेदवाङ्मयातील धर्माच्या उगमावर प्रबंध लिहून आणि बॅरिस्टर होऊन ते १९२६ मध्ये परतले. कर्जाचा अर्थ त्यांनाही पुस्तकातून शिकावा लागला नव्हता.

१५.
मुष्टिफंडाची रीत साधी. रोज स्वयंपाकाला धान्य काढताना गृहिणीने एक मूठ वेगळ्या भांड्यात टाकायची. ठरावीक दिवशी कोणीतरी येऊन ते गोळा करायचे. वऱ्हाडात ती मूठ बहुधा ज्वारीची. एका मुठीने घर उपाशी राहत नाही, परंतु शंभर घरांच्या मुठींवर वसतिगृहाची चूल पेटते. देणगीचा निर्णय इथे वर्षातून एकदा पुरुष घेत नव्हता. रोज सकाळी चुलीपाशी बाई घेत होती. जिच्या नावावर जमीन नव्हती, तीही या रीतीत देणगीदार ठरली.

१६.
या रीतीचे खरे बळ वेगळेच होते. रोजची मूठ म्हणजे रोजचे मतदान. संस्थेबद्दल वाईट कानावर आले की दुसऱ्या दिवशी भांडे रिकामे राहणार. मोठा देणगीदार एकदाच देतो आणि विसरतो. मूठ देणारी बाई विसरत नाही. म्हणून अशा संस्थेला लोकांसमोर सतत स्वच्छ राहावे लागते. शिवाय वसतिगृहात शिकणारा मुलगा तिच्याच परिसरातला. तो सुटीत गावी आला की तोच चालता-बोलता अहवाल.

१७.
हे वऱ्हाडपुरतेच नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाने दरसाल एक पैसा द्यावा, अशी कल्पना मांडली. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले आणि त्या ‘पैसाफंडा’तून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना सुरू झाला. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेच्या वाटचालीतही मुष्टिफंड होता. मोठ्या रकमेपेक्षा पुष्कळ माणसांचा सहभाग मोलाचा, हे त्या पिढीने ओळखले होते.

१८.
विश्वासाला आणखी एक बाजू असते : दिलेल्याचा लाभ कोणाला? १९२७ मध्ये अमरावतीचे अंबादेवी मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून चळवळ झाली. पंजाबराव तीत पुढे होते. १९२८ मध्ये जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांसाठी खुल्या करण्याचा आग्रह धरला. सर्वांच्या करातून खोदलेली विहीर काहींनाच पाणी देत असेल, तर ती सार्वजनिक कशी? विहिरीला लागू असलेला हा प्रश्न शाळेला आणि देवळालाही लागू होता.

१९.
देवळाचा प्रश्न त्यांनी थेट कायदेमंडळात नेला. १९३२ मध्ये पंजाबरावांनी मध्य प्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळात हिंदू देवस्थानांच्या संपत्तीविषयीचे विधेयक मांडले. भाविकांनी श्रद्धेने दिलेल्या संपत्तीचा हिशेब राहावा आणि ती लोकहिताच्या कामी यावी, हा त्यामागचा विचार. त्याच वर्षी अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन झाली. देवस्थानांकडे हिशेब मागणारा माणूस स्वतः लोकवर्गणीवर संस्था चालवू लागला. म्हणजे तोच प्रश्न आता त्यालाही विचारला जाणार होता.

२०.
हा प्रश्न तेव्हा देशभर चर्चेत होता. १८६३ च्या कायद्याने इंग्रज सरकारने देवस्थानांच्या कारभारातून अंग काढून घेतले होते. १९२० च्या धर्मादाय व धार्मिक न्यास कायद्याने विश्वस्ताकडून हिशेब मिळवण्यासाठी हितसंबंधी व्यक्तीला न्यायालयात दाद मागण्याची वाट दिली. १९२५ मध्ये पंजाबात मोठ्या आंदोलनानंतर गुरुद्वारा कायदा आला. दान देणाऱ्याला विचारण्याचा हक्क आहे, ही कल्पना हळूहळू कायद्यात शिरत होती.

२१.
मुंबई राज्यात १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आला. न्यासांची नोंदणी, लेखापरीक्षण आणि देखरेखीसाठी धर्मादाय आयुक्त अशी रचना तयार झाली. हा कायदा पुढे विदर्भालाही लागू झाला. सावकाराची वही फक्त सावकार वाचत असे. न्यासाची वही मात्र तिऱ्हाइताने तपासायची, असे ठरले. अर्ध्या शतकातला हा फार मोठा पालट आहे.

२२.
वऱ्हाडातली आणखी दोन उदाहरणे थोडक्यात. शेगावच्या गजानन महाराजांच्या हयातीतच, १९०८ मध्ये, संस्थानाची विश्वस्त व्यवस्था झाली. महाराजांनी समाधी घेतली १९१० मध्ये. उत्तराधिकाराचा प्रश्न निर्माण होण्यापूर्वीच कारभार विश्वस्तांच्या हाती गेला. दुसरे उदाहरण अमरावतीच्या तपोवनाचे. १९४६ मध्ये डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी कुष्ठरुग्णांसाठी ते उभारले. समाज ज्यांच्या सावलीला भीत होता, ती माणसे तिथे शेती आणि हातकाम करू लागली. इथे आधी भीती घालवायची होती. पैशाचा प्रश्न त्यानंतरचा होता.

२३.
या सगळ्यातून निघणारा निष्कर्ष असा. केवळ आचरण शुद्ध असेल पण नोंद नसेल, तर विश्वास त्या माणसाबरोबर चितेवर जातो. केवळ नोंद चोख असेल पण आचरण दिसत नसेल, तर ती वही सावकाराच्या वहीपेक्षा वेगळी वाटत नाही. गाडगेबाबांनी आयुष्याचा मोठा भाग पहिल्या गोष्टीला दिला आणि उतारवयात दुसरी पुरी केली. बॅरिस्टर पंजाबरावांनी कायदा मागितला आणि दारोदारची मूठही. दोघांच्या वाटा दोन टोकांकडून निघाल्या आणि एकाच ठिकाणी येऊन मिळाल्या.

२४.
आज ती मूठ फोनच्या पडद्यावर आली आहे. क्यूआर कोड दाखवला की क्षणात पैसे जातात. देणारा मेळघाट न पाहता मेळघाटातल्या बालकासाठी देतो. ऋणमोचनच्या घाटावर स्वतः चालून पाहण्याची सोय त्याला नसते. म्हणून त्याने विचारायचे प्रश्न जुनेच राहतात. काम आधी दिसते आहे, की फक्त आवाहन? पैसे व्यक्तीच्या खात्यात जातात, की नोंदणीकृत संस्थेच्या? संस्थेचे लेखापरीक्षित हिशेब पाहायला मिळतात का? कारभार एका घरातच फिरतो का? लाभ कोणापर्यंत पोहोचतो?

२५.
या प्रश्नांना आज कायद्याचीही साथ आहे. न्यासाचा नोंदणी क्रमांक विचारता येतो. आयकर सवलतीच्या देणगीसाठी संस्थेने देणगीदारांचे विवरण आयकर विभागाकडे भरून प्रमाणपत्र द्यावे लागते. ज्याच्या मामाला कर्जफेडीची पावती दाखवता आली नाही, त्या मुलाच्या वऱ्हाडात आज पन्नास रुपये देणाऱ्यालाही पावती मागता येते. ती मागणे म्हणजे संस्थेचा अपमान नव्हे. चांगल्या संस्थेला ती न मागताच द्यावीशी वाटते.

२६.
गाडगेबाबांचे छायाचित्र आज अनेक कार्यालयांच्या भिंतीवर असते : हातात खराटा, डोक्यावर गाडगे. त्या छायाचित्राखाली बसून देणगी मागणाऱ्या प्रत्येक संस्थेला एक कसोटी आपोआप लागू होते. खराटा बाहेरचा रस्ता झाडतो, तसाच तो आपल्या वहीवरूनही फिरला पाहिजे. वऱ्हाडातल्या त्या अनाम बायकांनी रोज सकाळी बाजूला काढलेली ज्वारीची मूठ याच भरवशावर दिली होती.